चिखलातलं तेल

संस्थेत तिला सगळे चाळणीताई म्हणत. समुद्राच्या तळाचा चिखल चाळायचा, त्यातले नखाएवढे जीव चिमट्याने वेचायचे, काचेच्या कुपीत स्पिरिटमध्ये ठेवायचे आणि कुपीत एक चिठ्ठी टाकायची, हे काम ती सत्तावीस वर्षं करत होती. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी ती बजावायची, "चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल नाही. आणि एकदा आत गेलेली चिठ्ठी बाहेर काढून फेकायची नाही. नवी घाला, दहा घाला, जुनी आतच राहणार. संचालक आले आणि म्हणाले काढा, तरी काढायची नाही."

मुलं हसायची. तिला हसू येत नसे. संचालक हा शब्द तिच्या तोंडात आला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, आणि त्याला कारण होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती जहाजावर काम करायची. तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच जहाजावर विंच चालवायचा. हजारभर मीटर दोराला लोखंडी पंजा बांधून तो तळाला सोडायचा आणि चिखलाने भरलेला पंजा वर खेचायचा. दोर तळाला टेकला हे बाकीच्यांना यंत्रावरचा काटा बघून कळे, दादाला तळव्याला कळे. एका सकाळी पंजा वर आला आणि ताईने चिखल टबात ओतला, तर काळाकुट्ट चिखल, कुजक्या अंड्यांचा वास आणि पाण्यावर रंगीबेरंगी तवंग. पण त्या घाणीत जीव किती! शिंपले, मातीवर पांढऱ्या सायीसारखे धागे आणि वीतभर लांबीच्या लालसर अळ्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. जिथे काहीच जगू नये तिथे सगळं गाव वसलेलं. ताई दोन्ही हात चिखलात घालून वेड्यासारखी हसत होती.

मोहिमेचा प्रमुख टबापाशी आला, त्याने तवंग पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. समुद्राच्या तळातून तेल आपोआप पाझरू शकतं, आणि त्या तेलावरच काही जीव पोसले जातात, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. डेकवर तेल म्हणजे यंत्राचं तेल, आणि यंत्राचं तेल म्हणजे विंचवाल्याचा हलगर्जीपणा. त्याने डेकवरच्या अकरा माणसांना जवळ बोलावलं आणि त्यांच्यासमोर दादाला सुनावलं, "ज्या माणसाला विंच पुसता येत नाही, हात पुसता येत नाहीत, तो विज्ञानाच्या कामाचा नाही. नमुना नासवलास. बहिणीचं कामसुद्धा नासवलंस."

दादा काही बोलला नाही. अकरा माणसंही बोलली नाहीत. पुढच्या बंदरात दादाला उतरवलं आणि ताईला किनाऱ्यावरच्या तळघरात, चाळणीपाशी बसवलं. नमुन्यावर शेरा पडला: दूषित, टाकून द्यावा.

चार वर्षांनी तोच प्रमुख नवं जहाज आणि पाण्याखालचा कॅमेरा घेऊन बरोबर त्याच जागी गेला. तळाच्या भेगांतून तेलाचे मणी एकामागून एक वर येताना त्याने जगाला दाखवले. भेगांच्या कडेने पांढरी साय, शिंपल्यांच्या राशी, लाल अळ्या. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि प्रमुखाचे संचालक झाले. नव्या अळीला त्यांनी आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं, कारण सासरे संस्थेच्या मंडळावर होते. जावयाने सासऱ्याचं नाव अळीला दिलं ही गोष्ट बऱ्याच जणांना गोड वाटली. ताईला वाटलं, अळीने काय पाप केलं होतं?

तेव्हा ती धावत त्यांच्या खोलीत गेली होती. "सर, ही तर आमचीच जागा. ते तेल तळातलंच होतं."

"जागा तीच असेल," ते म्हणाले. "पण तुमच्या नमुन्यात विंचचं तेलही होतं. दोन्ही तेलं वेगळी. आणि नमुना तर केव्हाच टाकून दिला. आता काय सिद्ध करणार?"

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पण नागोबाला बिळातून ओढायला हातात काहीतरी लागतं, आणि ताईचे हात रिकामे होते.

दादा एका इस्पितळात लिफ्ट चालवू लागला. "आधी आठशे मीटर खाली सोडायचो, आता चार मजले वर नेतो, प्रगतीच म्हणायची," असं तो स्वतःच म्हणायचा आणि कोणी हसायच्या आत विषय बदलायचा. खरी जखम मात्र संचालकांनी केलेली नव्हती. ती ताईने केली होती. एकदा घरात कशावरून तरी भांडण झालं आणि ती बोलून गेली, "त्या दिवशी नीट पुसला असतास ना दादा, तर ही वेळ आली नसती." त्यानंतर दादा तिच्या पुस्तकांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचा. तिने कितीदा सांगितलं, नको रे. तो म्हणायचा, "असू दे गं. डाग लागला तर?" ती अठरा वर्षं ते बघत होती, आणि प्रत्येक वेळी संचालकांवरचा तिचा राग थोडा अजून मुरत होता. थोडा स्वतःवरचाही, पण तो तिने संचालकांच्याच खात्यावर टाकला होता.

संचालकांची निवृत्ती आली. संस्थेत तेलपाझराचं एक नवं दालन उभं राहिलं आणि त्याला संचालकांचं नाव द्यायचं ठरलं. दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत ती अळी ठेवायची होती, म्हणजे जिच्यावरून जातीचं वर्णन लिहिलं गेलं तो मूळ नमुना. इतकी वर्षं तो संचालकांच्या कुलूपबंद कपाटात होता. स्पिरिट पिवळं पडलं होतं, ते बदलायला हवं होतं, आणि आख्ख्या संस्थेत ते काम अळी न तोडता करतील असे हात एकाच बाईचे होते. शिपाई बरणी घेऊन तळघरात आला.

बरणीत कुपी, कुपीच्या तोंडाला कापूस. ताईने कापूस काढला, कुपी तिरकी केली आणि अळी हलकेच बशीत उतरवली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. तिला जरा नवल वाटलं. संचालकांच्या मोहिमेतल्या अळ्या तिने स्वतः वेचल्या होत्या. त्यांनी घाईघाईत नळाचा जोराचा फवारा मारून चिखल धुतला होता, त्यामुळे एकूणएक अळीचे तुकडे झाले होते. मग ही अखंड कुठून आली?

अळीच्या मागे छापील चिठ्ठी होती. तिच्याही मागे, काचेला चिकटून, बोटभर कागदाची एक गुंडाळी. ताईने ती सुईने उलगडली. पेन्सिलचं अक्षर जसंच्या तसं होतं आणि ते तिचं होतं.

"क्र. ४१. खोली ८१२ मी. चिखल काळा, कुजका वास. तेल चिखलातलंच, ढेकूळ फोडल्यावर आतून आलं. विंच कोरडा, पुसलेला. स्वतः पाहिला."

ती स्टुलावर बसून राहिली. टाकून दिलेल्या नमुन्यातलीच अळी उचलून साहेबांनी आपली म्हणून मिरवली होती, हे तर झालंच. कुपी बदलताना त्या वेळच्या विद्यार्थिनीने तळघरातला धडा पाळून जुनी चिठ्ठी आतच ठेवली होती, आणि साहेबांनी आयुष्यात कुपी स्वतः उघडली नव्हती, हेही तिला क्षणात कळलं. पण तिला रडू आलं ते शेवटच्या ओळीचं. तिने पाहिलं होतं. त्या सकाळी तिने जाऊन विंच पाहिला होता, कोरडा होता, आणि तसं लिहिलंही होतं. मग शेकडो चिठ्ठ्यांत ही एक विसरून गेली आणि वर्षाच्या आत स्वतःच्या भावाला म्हणाली, नीट पुसला असतास तर.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि अळी, छापील चिठ्ठी, जुनी चिठ्ठी असं सगळं नव्या स्पिरिटमध्ये घातलं. जुनी चिठ्ठी या वेळी तिने पुढे लावली, अक्षर बाहेरच्या बाजूला. मग ती जिना चढून वर गेली. एकोणीस वर्षांत तो जिना तिला इतका सोपा कधी वाटला नव्हता.

"सर, कुपी तयार आहे. आतली जुनी चिठ्ठी ठेवायची की काढायची?"

"कसली चिठ्ठी?" संचालक कागदातून मान वर न करता म्हणाले.

"माझ्या अक्षरातली. क्रमांक एक्केचाळीस."

मान वर आली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते तिने त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं. त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि टायची गाठ सैल करू लागला.

"काढून टाका," ते म्हणाले. "जुना कागद आहे, पेटीत बरा दिसणार नाही."

"काढते की. लेखी द्या."

"ताई..."

"नियम आहे ना, सर. मूळ नमुन्यातलं काही काढायचं तर संचालकांची लेखी सही लागते. नियम तुम्हीच केलाय. आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्या बाईंचं पत्र आलंय. अळ्यांच्या मोठ्या जाणकार आहेत, मूळ नमुना भिंगाखाली बघणार म्हणतात. त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

ती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली. भीतीने नाही. मेजवानी समोर आली की भुकेला धावतो तशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संचालक घरी आले. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना धाप लागली होती. दादाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ताईने त्याला सगळं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. चिठ्ठीचं, आणि आपण काय बोलून गेलो होतो त्याचंही. त्यावर तो एवढंच म्हणाला होता, "बरं." तिला वाटलं होतं तो रडेल, निदान तिच्यावर चिडेल. तो वळून झोपला.

"माझी चूक झाली," संचालक म्हणाले. खोलीत तिघेच होते आणि आवाज अगदी हळू होता. "तेल विंचचं नव्हतं. मी माफी मागतो. पुस्तिकेत ताईंचं नाव घालू, विशेष साहाय्य म्हणून. फक्त समारंभात काही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, सगळ्यांच्याच दृष्टीने."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मानेवरची कातडी लोंबत होती, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. इतकी वर्षं तिने मनात ज्याला उभा चिरला तो हा म्हातारा? दादाच्या कानावर ते शब्द पडले होते. तिला तेवढंच तर हवं होतं. तिचा पीळ सैल पडू लागला, आणि "ठीक आहे सर" असं ती म्हणणार, तोच दादा बोलला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"कळलं म्हणजे..."

"तेल तळातलं आहे हे."

"चौथ्या वर्षी. कॅमेऱ्यात दिसलं तेव्हा."

"म्हणजे पंधरा वर्षं माहीत होतं."

दादाने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि टेबलावर ठेवला.

"सर, मला अकरा माणसांसमोर बोललात तुम्ही. आता परत घ्यायला एकटे आलात, तेही कुजबुजत. असं कसं चालेल? भरचौकात मारायचं आणि औषध लावायला अंधाऱ्या बोळात बोलवायचं?"

"मग तुमचं म्हणणं काय?"

"चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचायची. हिने नाही, तुम्ही. नाही वाचलीत तर पाहुण्या बाई भिंगाखाली वाचतीलच."

संचालकांनी आशेने ताईकडे पाहिलं. ताई भावाकडे पाहत होती. हा तिचा दादा, जो मुंगीला वाट देऊन चालायचा. सूड म्हणजे आपलाच प्रांत असं ती समजत होती आणि इथे दादा तिच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पुढचा आठवडाभर दादा सकाळी घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. त्या अकरा माणसांना तो शोधत होता. चौघे वारले होते, दोघे परदेशी, एकाचा पत्ता नाही, एकजण अंथरुणाला खिळलेला. तिघे मिळाले. जहाजाचा स्वयंपाकी, एक खलाशी आणि इंजिनातले तेलवाले मामा. मामांचं सगळं आयुष्य इंजिनाच्या धडधडीत गेलेलं, त्यामुळे कान पार गेले होते, आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्याने ते बोलायचे ते गावाला ऐकू जाईल असं.

"त्यांना कशाला आणतोस?" ताई म्हणाली. "त्यांना एक शब्द ऐकू येणार नाही."

"म्हणूनच," दादा म्हणाला.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. मंडळाचे सभासद, विद्यार्थी, पाहुण्या बाई, मिळून शंभरेक माणसं. भिंतीवर तळाचा चित्रपट चालू होता. काळ्या भेगेतून तेलाचा एक मणी सुटायचा, वर जायचा, मग दुसरा. शिंपले तोंड उघडून बसलेले. दादाने तिघांना मुद्दाम सगळ्यात मागच्या रांगेत नेऊन बसवलं आणि मामांच्या शेजारी स्वतः बसला. ताई त्याच्या दुसऱ्या बाजूला.

संचालक बोलायला उभे राहिले. आधी समुद्र, मग विज्ञान, मग स्वतः. शेवटी म्हणाले, "या शोधाच्या इतिहासातलं एक हरवलेलं पान योगायोगाने हाती आलं आहे. तेही वाचून दाखवतो." त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठीची नक्कल हातात घेतली आणि नाकातल्या नाकात वाचलं, "क्रमांक एक्केचाळीस, खोली आठशे बारा, चिखल काळा, वगैरे वगैरे."

पुढच्या रांगेने सवयीने टाळ्यांसाठी हात उचलले. दादा उभा राहिला.

"सर, वगैरेमध्ये काय आहे? इथे मागे ऐकू आलं नाही."

सगळ्या माना वळल्या. पाहुण्या बाई म्हणाल्या, "हो, मलाही पूर्ण ऐकायचंय. मूळ नमुन्यातली चिठ्ठी आहे ना ती?"

संचालकांनी पुन्हा वाचलं. "तेल चिखलातलंच, ढेकूळ फोडल्यावर आतून आलं. विंच कोरडा, पुसलेला. स्वतः पाहिला."

"मोठ्याने, सर. मामांना कमी ऐकू येतं. ते होते त्या दिवशी डेकवर."

"विंच कोरडा, पुसलेला!"

मामांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली, नाही. ताईच्या अंगावर सुखाचा काटा आला. ती लाजली नाही, तिने तो पुरेपूर अनुभवला. लोक म्हणतात सुडाने मन निवत नाही. ज्यांनी घेतला नाही ते म्हणतात.

"अजून मोठ्याने," दादा म्हणाला. "आणि कोणाचा विंच, कोणी चालवलेला, तेही सांगा. तेव्हा सांगितलं होतंत."

संचालकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी नक्कल खाली ठेवली आणि दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून सांगितलं, "विंच कोरडा होता! या माणसाने पुसला होता! तेल समुद्राच्या तळातलं होतं! माझी चूक झाली!"

आता मात्र मामांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं. ते आनंदाने दादाकडे वळले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अरे, कोरडाच होता की! त्या दिवशी विंचला तेल घातलंच नव्हतं. डबा माझ्याकडे खाली कुलपात होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं!"

शेजारचा खलाशी आणि स्वयंपाकी आपल्या गुडघ्यांकडे बघू लागले. दादाच्या तोंडावर अजून अर्धवट हसू होतं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो वाकला आणि मामांच्या कानाला तोंड लावून, कधी नव्हे तो ओरडला, "मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही," मामा म्हणाले, आणि शंभर माणसांना ते स्पष्ट ऐकू गेलं.